देशातली एकच गोष्ट बदलायला मिळाली, तर तुम्ही कोणती बदलाल?

वीस गुंठे

नमस्कार मंडळी. माझं उत्तर आधी सांगते, मग तुमची ऐकायची आहेत. मी कोर्टाची तारीख बदलेन. साक्षीसाठी मंगळवार दिला असेल तर मंगळवारी साक्ष व्हावी. युक्तिवादासाठी दिला असेल तर युक्तिवाद व्हावा. एवढंच. नवा कायदा नको, मोठी इमारत नको.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण घरोघरी सांगतात. मला ती ऐकली की आता संताप येतो. पायरी न चढण्याचं शहाणपण ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्यालाच परवडतं. ज्याला बाहेर ठेवलंय त्याने जायचं कुठे?

आमचा दावा वाटपाचा आहे. आजोबा १९९७ साली गेले, आजी त्यांच्या आधीच गेली होती. मागे दोन मामा आणि माझी आई. सव्वापाच एकर जमीन आणि एका विहिरीत निम्मा हिस्सा. तेराव्याला पाहुण्यांची शेवटची पंगत उठायची होती, तेवढ्यात थोरल्या मामांनी आईपुढे हक्कसोडपत्र ठेवलं, म्हणजे आपला वाटा सोडून दिल्याचा कागद. स्टॅम्प पेपर आधीच आणून ठेवलेला, मजकूर टाइप केलेला, आईच्या नावापुढे फक्त सहीची जागा मोकळी. उद्या तालुक्याला जाऊन नोंदवून टाकू, म्हणाले. आई चौथी शिकलेली. तिने कागद हातात घेतला आणि म्हणाली, "मला वाचू दे." वाचायला मागितला एवढ्यावरून तिचं माहेर तुटलं. परत येताना एसटीत ती एक शब्द बोलली नाही.

दावा १९९९ मध्ये लागला. मी तेव्हा डी.एड.ला होते. आज मला नोकरीत पंचवीस वर्षं होत आली.

आई प्रत्येक तारखेला जायची. सकाळची गाडी, पिशवीत भाकरीचा डबा, पाण्याची बाटली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. व्हरांड्यात बसून पुकाऱ्याकडे कान. शिपाई नाव पुकारायचा ते बापाच्या नावासकट, माहेरच्या आडनावाने. कारण सातबाऱ्यावर तेच होतं. ती म्हणायची, आता मला त्या नावाने हाक मारणारा तो एकच शिपाई उरलाय.

घरी आल्यावर ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात एक-दोन शब्द लिहायची. "साहेब रजा." "वकील नाही." "मुदत." वर्ष संपलं की ती पानं सुतळीने बांधून ट्रंकेत. २००४ नंतरच्या पानांवर शब्द नाहीत, नुसत्या फुल्या आहेत.

२०२२ मध्ये मी रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याच्या कोर्टातल्या नोंदीची, नक्कल काढली आणि कॅलेंडरच्या पानांशेजारी ठेवून दोन रविवार मोजत बसले. तालुका कोर्टात १९९९ ते २००९ या काळात ११२ तारखा पडल्या. त्यातल्या २३ तारखांना काहीतरी काम झालं. बाकीच्या ८९ तारखांपुढे ज्या नोंदी आहेत त्या अशा: नोटीस बजावून आली नाही, प्रतिवादीचा मुदत अर्ज मंजूर, वादीचे वकील दुसऱ्या कोर्टात, न्यायाधीश रजेवर, न्यायाधीशांची बदली, वेळेअभावी पुढे. सगळ्यात जास्त वेळा 'वेळेअभावी पुढे'.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. जमिनीच्या एका गटाबद्दल, म्हणजे तुकड्याबद्दल, वाद होता, तीस गुंठ्यांचा. मामांचं म्हणणं, तो आम्ही स्वतःच्या कमाईतून घेतला, त्यात वाटा नाही. तो वडिलोपार्जित जमिनीच्या उत्पन्नातून घेतला होता हे माहीत असलेला एकच माणूस गावात उरला होता, बांधाला बांध असलेले एक म्हातारे शेतकरी. ते स्वतःहून म्हणाले, मी सांगेन. साक्षीसाठी पाच वेळा तालुक्याला आले. धोतर, पांढरा शर्ट, हातात काठी. चार वेळा साक्ष झालीच नाही. पाचव्या वेळी सरतपास झाला, म्हणजे आमच्या वकिलांनी प्रश्न विचारले, आणि समोरच्या वकिलांच्या उलटतपासाला पुढची तारीख मिळाली. ती तारीख दोनदा पुढे गेली. तिसरी तारीख यायच्या आत ते वारले. उलटतपास न झालेल्या साक्षीला फारसं वजन उरत नाही. तो गट दाव्यातून वगळला गेला.

उशीर म्हणजे नुसतं थांबणं असं लोकांना वाटतं. आज नाही, उद्या मिळेल. पण उशिरात पुरावा मरतो. वेळेवर काम झालं असतं तर निकाल वेगळा लागला असता, असं मी खात्रीने म्हणते.

राहिले साडेचार एकर. २००९ च्या प्राथमिक हुकूमनाम्यात, म्हणजे कुणाचा वाटा किती हे ठरवणाऱ्या निकालात, आईला एक नवमांश मिळाला. हिशेब असा: आजोबा आणि दोन मुलगे असे तीन भाग, मग आजोबांच्या एका भागाचे तीन वाटे, त्यातला एक आईचा. वीस गुंठे. इथलं माझं नाव त्यावरूनच घेतलंय. दोन्हीकडून अपील झालं. तोवर कायदा आमच्या दाव्याला मागे टाकून पुढे निघून गेला होता. हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. पण वडील त्याआधी वारले असतील तर काय, यावर सर्वोच्च न्यायालयाच्याच निकालांत मेळ नव्हता. तो प्रश्न ११ ऑगस्ट २०२० ला सुटला. हक्क जन्माने मिळतो, वडील २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही, असं तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं. त्याच्या जोरावर २०२१ मध्ये अपिलात आईचा वाटा एक तृतीयांश झाला. दीड एकर.

आई २०१७ साली गेली.

तर माझी एक गोष्ट ही. तुमची सांगा.

नदीकाठचा

ताई, वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. त्या म्हाताऱ्या बाबांचं फार लागलं.

माझी गोष्टही तारखेचीच निघाली, पण निवडणुकीच्या. घटनेच्या कलम २४३-यू मध्ये स्वच्छ लिहिलंय की पालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये. मधे जवळपास चार वर्षं प्रशासक. राज्यातल्या इतर महापालिकांचीही तीच गत. कारणं होती, आरक्षणाचा वाद होता, प्रभागरचना होती, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं, सगळं मान्य. पण त्या काळात आमच्या गल्लीत ड्रेनेज तुंबलं तेव्हा सांगायचं कुणाला? माजी नगरसेवक म्हणायचे, माझ्या हातात आता काही नाही. वॉर्ड ऑफिसात म्हणायचे, अर्ज टाकून जा. मुदत संपली की निवडणूक, यात एक दिवसाचीही सूट नको. मी ते बदलेन.

वीस गुंठे

@नदीकाठचा, आमच्याकडे पंचायत समितीचंही तसंच झालं. शाळेच्या पडक्या भिंतीचा प्रस्ताव घेऊन कुणाच्या दारात जायचं हेच कळत नव्हतं. तुमचं पटलं.

निवृत्त अधीक्षक

मी दिवाणी न्यायालयात एकतीस वर्षं नोकरी केली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, काही वर्षं नाझर होतो, सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. ताईंनी 'वेळेअभावी पुढे' लिहिलंय. तो शेरा मी माझ्या हाताने हजारो वेळा लिहिला आहे, म्हणून त्याच्या आत काय असतं ते सांगतो.

आमच्या कोर्टाच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, रोज ऐंशी ते शंभर प्रकरणं असायची. न्यायाधीश एक. खुर्चीवर बसण्याचा प्रत्यक्ष वेळ पाच-साडेपाच तास. भागाकार करा, एका प्रकरणाला तीन-चार मिनिटं येतात. तेवढ्यात पुकारा होतो, पक्षकार आत येतो, वकील उभा राहतो आणि पुढची तारीख लिहून होते. मधल्या सुट्टीपर्यंतचा वेळ तारखा देण्यातच जायचा. दुपारी साक्षीला बसायचं तर बोर्डावर साक्षीची प्रकरणं आठ, आणि नीट उलटतपास होणार एकाचा, फार तर दोघांचा. उरलेले साक्षीदार सकाळपासून व्हरांड्यात बसलेले. ते परत जाणार हे आम्हाला सकाळी बोर्ड लावतानाच माहीत असायचं. त्यांना मात्र संध्याकाळी पाच वाजता कळायचं. मला नोकरीत सगळ्यात जास्त याचंच वाईट वाटायचं.

नोटिशीचं ऐका. नोटीस बजावणारे बेलिफ दोन, गावं साठ-सत्तर. प्रतिवादीला टाळायचं असेल तर घरचे सांगतात, परगावी गेलेत. बेलिफ शेरा मारतो, 'पत्त्यावर मिळून आले नाहीत'. तारीख गेली. मग दारावर चिकटवायची परवानगी मागा. आणखी एक तारीख गेली. प्रतिवादी चार असले आणि एक जण मुंबईला असला तर वर्ष तिथेच जातं.

न्यायाधीश साधारण तीन वर्षांनी बदलतात. अर्धवट ऐकलेला पुरावा नवीन साहेबांना पहिल्यापासून वाचावा लागतो. वाचायला वेळ हवा, आणि बोर्डावर पुन्हा नव्वद प्रकरणं.

माणसं कमी आहेत हे मूळ. विधी आयोगाने १९८७ मध्ये १२० व्या अहवालात सांगितलं होतं की दर दहा लाख लोकांमागे साडेदहा न्यायाधीश आहेत, ते पन्नास करा. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पन्नासचाच आकडा धरून पाच वर्षांची मुदत दिली. आज मंजूर पदं धरली तरी प्रमाण एकवीसच्या आसपास आहे, आणि मंजूर पदांतलीही हजारो रिकामी. देशभरात पाच कोटींहून जास्त प्रकरणं पडून आहेत, त्यातली बहुतेक जिल्हा आणि तालुका पातळीवरची.

तरीपण ताई, माझं मत असं की आहेत तेवढ्या माणसांतही बोर्ड वेगळा लावता येतो. साक्षीची आठ ऐवजी दोनच प्रकरणं ठेवा, आणि ती त्या दिवशी संपवा. बाकीच्यांना लांबची पण खरी तारीख द्या. आमच्याकडे एका साहेबांनी हे करून पाहिलं होतं. पहिले चार महिने वकील नाराज, मग साक्षीदार वेळेवर यायला लागले. आल्यावर काम होतं हे दिसलं की माणूस येतो. साहेबांची बदली झाली आणि बोर्ड पुन्हा पूर्वीसारखा लागायला लागला.

काळा कोट

मी वकील आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली करतो. मुदत अर्जांबद्दल आमच्यावर बोट दाखवलं जाणार हे माहीत आहे आणि त्यात तथ्य आहे, म्हणून लपवत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ मध्ये लिहिलंय की सुनावणीदरम्यान एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी द्यायची नाही. ही सुधारणा १ जुलै २००२ पासून लागू आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आटोक्याबाहेरचं खरंच कारण असेल तर ही मर्यादा आडवी येऊ नये. माणूस अपघातात सापडला, दवाखान्यात आहे, अशांसाठी ती सवलत होती. व्यवहारात प्रत्येक अर्ज 'आटोक्याबाहेरचा' झाला. खर्च बसतो तो दोनशे-पाचशे रुपये. ज्याच्या ताब्यात बागायत जमीन आहे त्याला एका तारखेला पाचशे रुपये म्हणजे काहीच नाही. त्याच्यासाठी तो जमीन वापरण्याचा खंड, म्हणजे भाडं आहे, आणि फार स्वस्त भाडं. तहकुबीचा खर्च त्या जमिनीच्या उत्पन्नाच्या हिशेबाने लावा, मग बघा किती अर्ज येतात. कलम ३५-ब मध्ये खर्चाची तरतूद आहेच, आणि तो भरल्याशिवाय पुढे दावा किंवा बचाव चालवता येत नाही असंही त्यात आहे. वापरणारं कुणी हवं.

दुसरं एक सांगतो, ते पक्षकारांना सहसा माहीत नसतं. २०१५ च्या वाणिज्य न्यायालय कायद्यात व्यापारी दाव्यांसाठी वेगळी पद्धत आहे. सुरुवातीलाच न्यायाधीश दोन्ही बाजूंना बसवून वेळापत्रक ठरवतात: साक्ष कधी, उलटतपास कधी, युक्तिवाद कधी. त्या पहिल्या बैठकीपासून सहा महिन्यांत युक्तिवाद संपले पाहिजेत असं लिहिलेलं आहे. प्रतिवादीचं लेखी उत्तर, म्हणजे कैफियत, समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत आली नाही तर ती देण्याचा हक्क गेला. म्हणजे ताई म्हणतात ती तारीख आपल्या कायद्यात आहे, पण ती कंपनीच्या बिलासाठी आहे. बहिणीच्या वाटपासाठी नाही. तीही पद्धत सगळीकडे काटेकोर पाळली जाते असं नाही, पण निदान कागदावर तरी आहे. वाटपाच्या दाव्याला ती का लावू नये, याचं पटणारं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

आणि ताई, तुम्ही आता कुठल्या टप्प्यावर आहात? अंतिम हुकूमनामा झाला का?

वीस गुंठे

@निवृत्त अधीक्षक, तुम्ही लिहिलंत की साक्षीदार परत जाणार हे सकाळीच माहीत असायचं. हे वाचून मी फोन बाजूला ठेवला. आई संध्याकाळपर्यंत का बसून राहायची असा राग मला तिचाच यायचा. म्हणायचे, विचारून घे की दुपारी, आणि ये निघून. ती म्हणायची, "मी उठले आणि पुकारा झाला तर?" तुमच्यासारखं आतून कुणी आजवर सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

@काळा कोट, वाटप कलेक्टरकडे गेलंय, कलम ५४ खाली. तिथून तहसीलदार, तिथून मोजणीसाठी भूमी अभिलेख. पहिल्या मोजणीला उसाचं उभं पीक म्हणून टळली. दुसऱ्यांदा माणूस आला, पण धाकट्या मामांच्या मुलाने हरकत घेतली. थोरले मामा २०१४ लाच गेले. त्यांचे चार वारस रेकॉर्डवर आणण्यातच वर्ष-दीड वर्ष गेलं होतं. आता दोन्ही बाजूंना ज्यांनी भांडण सुरू केलं त्यातले धाकटे मामा तेवढे उरलेत, आणि त्यांना ऐकू येत नाही.

काळा कोट

म्हणजे निकाल हातात असून जमीन हातात नाही. १८७२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या न्यायालयाने, म्हटलं होतं की हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात. दीडशे वर्षं झाली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या दरखास्ती (अर्ज) सहा महिन्यांत निकाली काढा असं बजावलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने आढावा घेतला तेव्हा देशात आठ लाखांहून जास्त दरखास्ती पडून होत्या, आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

तुमचं प्रकरण कलेक्टरकडे असलं तरी ते लांबत असेल तर मूळ कोर्टात अर्ज देऊन अहवाल मागवता येतो. वकिलांना विचारा. हरकतीवर मोजणी थांबायला नको होती. हुकूमनामा झाल्यावर वाटा किती, हा प्रश्न तहसीलदाराने पुन्हा उघडायचा नसतो.

बांधावरचा

थोडं वेगळं मत मांडतो. कोर्ट हे नळाचं शेवटचं टोक झालं. गळती वर आहे. आपल्याकडे सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. तो मुळात महसुलाची नोंद आहे, आणि त्यातली नोंद खरी मानायची ती उलट सिद्ध होईपर्यंतच. खरेदीखत नोंदवलं तरी सरकार दस्त नोंदवतं, विकणारा खरा मालक आहे याची हमी देत नाही. म्हणून प्रत्येक वाद शेवटी दिवाणी कोर्टात जातो. मी बदलेन ते हे: माणूस गेला की मृत्यू नोंदीबरोबरच वारस नोंद आपोआप सुरू व्हावी, मुलींसकट. कुणी अर्ज करायची वाट पाहायला नको. ताईंच्या आईचं नाव १९९७ मध्येच सातबाऱ्यावर आपोआप लागलं असतं तर हक्कसोडपत्र एवढ्या घाईने पुढे आलं असतं का?

वीस गुंठे

@बांधावरचा, पटतंय आणि नाहीही. नाव लागलं होतं. वारस म्हणून तिघांचीही नोंद झाली होती, तलाठी प्रामाणिक होते. नाव लागणार हे दिसत होतं, म्हणून तर आधीच सही हवी होती. नाव लागल्याने हक्क दिसला, पण नांगर मामांचाच चालला. नाव कागदावर असलेल्या बाईला प्रत्यक्ष बांधावर उभं करायला शेवटी कोर्टच लागतं.

मुलींची नोंद आपोआप व्हावी हे मात्र शंभर टक्के खरं. माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे आवर्जून सांगते. हक्कसोडपत्र म्हणजे काय, ते वाचल्याशिवाय सही करायची नाही, आणि भावावर माया आहे म्हणून सोडायचं असेल तरी आपण काय सोडतोय ते गुंठ्यांत माहीत करून मग सोडायचं. पुस्तकात हा धडा नाही.

दोन लेकरांची आई

मी पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर समजून घ्या. माझं पोटगीचं प्रकरण आहे. जमीन थांबू शकते ताई, शाळेची फी थांबत नाही. नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १४४ आहे, आधीच्या कायद्यात १२५ होतं. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस मिळाल्यापासून साठ दिवसांत निकाली काढावा असं त्यात लिहिलंय. माझा अर्ज चौदा महिने चालला. २०२० पासून दोघांनी उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असा सर्वोच्च न्यायालयाचा नियम आहे. मी पहिल्या तारखेला दिलं. समोरून ते यायला सात तारखा लागल्या. तेवढ्या काळात मी मंगळसूत्र मोडलं.

मी काय बदलेन? कायद्यात साठ दिवस लिहिलेत तर एकसष्टाव्या दिवशी काय, तेही लिहा. काहीतरी रक्कम आपोआप सुरू व्हावी, नंतर कमी-जास्त करा हवं तर.

वीस गुंठे

@दोन लेकरांची आई, काही चुकलेलं नाही बाई. एकसष्टाव्या दिवशी काय, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मी माझ्या उत्तरात ते घालते. पोटगी आता सुरू आहे ना? तालुका विधी सेवा समितीकडे बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. माहीत असेल तुम्हाला, तरी सांगितलं.

दोन लेकरांची आई

हो, मार्चपासून सुरू झाली. वकील तिथलेच आहेत, चांगले आहेत. एक विचारायचं होतं. तुम्ही रोजनाम्याची नक्कल कशी काढली? मलाही मोजायचंय.

वीस गुंठे

सांगते. कोर्टात नकल विभाग असतो. तिथे अर्ज मिळतो, त्यावर प्रकरणाचा नंबर आणि वर्ष घालायचं, 'संपूर्ण रोजनामा, पहिल्या तारखेपासून' असं स्पष्ट लिहायचं, नाहीतर शेवटच्या पानाचीच प्रत देतात. कोर्ट फी तिकीट लावायचं. किती ते तिथेच विचारा, पानांवर ठरतं. माझी फाइल जुनी, अभिलेख कक्षातून काढावी लागली, म्हणून तीन आठवडे लागले. तुमची चालू आहे, लवकर मिळेल.

त्याआधी घरबसल्या एक करा. ई-कोर्टच्या ॲपवर तुमच्या प्रकरणाचा सोळा आकडी-अक्षरी सीएनआर नंबर टाका. प्रत्येक तारीख आणि ती कशासाठी होती ते दिसतं. त्यावरून वहीत चार रकाने आखा: तारीख, काय ठरलं होतं, काय झालं, कुणामुळे झालं नाही. चौथा रकाना भरताना स्वतःच्या वकिलालाही सोडायचं नाही. माझ्या ८९ तारखांपैकी १४ आमच्या वकिलांमुळे गेल्या होत्या, हे मला तेव्हाच कळलं.

माझी तिसरी मोजणी येत्या महिन्याच्या १९ तारखेला ठेवलीय, मंगळवारच आहे. ऊस तुटून गेलाय, रान मोकळं आहे. काल थोरल्या मामांच्या मुलीचा फोन आला होता, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, ताई, मोजणीला मी पण आले तर चालेल का, मला माझ्या भावांनी कागद आणून दिलाय, सही करायच्या आधी तुला दाखवायचाय. मी तिला म्हटलं, ये, आणि कागद घेऊन ये.